बर्फ, मीठ आणि आठवण

उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढील एक काम आटोपून गेल्या वैशाखात मी सोनकच्छला परतत होतो. वाटेत एका नव्या दुकानाच्या पाटीवर ‘इटालियन कारागिरीचे जिलातो’ अशी मोठी अक्षरे आणि त्यांखाली ‘बालपणीची चव’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले दिसले. मी आत गेलो आणि खाल्ले. पदार्थ चांगला होता. पण पुढे घरी पोचेपर्यंत एक प्रश्न काही केल्या मनातून जाईना. कालीसिंधच्या काठी वाढलेल्या मुलाच्या बालपणात इटली आली कोठून? ही आठवण नेमकी कोणाची, आणि ती विकण्याचा अधिकार कोणाला?

आमच्या पिढीच्या बालपणातले आइस्क्रीम म्हणजे पॉटचे आइस्क्रीम. लाकडी बादलीत पत्र्याचा उंच डबा, सभोवती फोडलेला बर्फ व खडे मीठ, आणि वर फिरवावयाचा दांडा. पोत्यात गुंडाळलेला बर्फ घरी येईपर्यंत निम्मा वितळे. दूध आटवण्याचे काम आजीकडे, दांडा फिरवण्याचे काम आम्हां भावंडांकडे. आपली पाळी चुकू नये म्हणून आरंभी भांडणारी मुले शेवटी दांडा जड झाला, की ती चुकवण्यासाठी भांडत. या साधनाची युक्ती साधी आहे. मिठाने बर्फ शून्य अंशाखालीही वितळू लागतो. वितळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. डब्याच्या भिंतीवर दूध गोठते आणि आतले पाते ते खरवडून काढते. अशा हातयंत्राचा एकाधिकार अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी 1843 साली मिळवला होता. म्हणजे ज्याला आपण अस्सल घरगुती म्हणतो, तेही सातासमुद्रापलीकडूनच आले होते. परकेपणाचा आरोप एकट्या जिलातोवर ठेवणे न्यायाचे होणार नाही.

किंबहुना या दोन पदार्थांचे नाते पाहू जाता ते चुलत भावंडांचे ठरते. जिलातोत साय कमी व दूध अधिक. स्निग्धांश साधारण चार ते आठ टक्के. ते संथपणे घुसळतात, त्यामुळे त्यात हवा थोडी शिरते. ते आइस्क्रीमपेक्षा किंचित कमी थंड वाढतात, म्हणून जीभ बधिर होत नाही आणि दुधाची व फळाची चव लागलीच कळते. आमच्या पॉटातही हवा थोडीच असे आणि आइस्क्रीम डब्यातून काढताक्षणी वाटीत पडे. तेव्हा त्या दुकानात माझ्या जिभेला जी ओळख पटली, ती सर्वस्वी खोटी नव्हती.

तथापि आठवण ही मोठी प्रेमळ साक्षीदार असली, तरी उलटतपासणीत ती फारशी टिकत नाही. खरे सांगावयाचे तर आजीचे आइस्क्रीम पुष्कळदा खरखरीत होई, कारण दांड्याची गती मंद पडली की बर्फाचे कण मोठे होतात. एखादे वेळी झाकणाच्या फटीतून खारे पाणी आत शिरे. विजेचे यंत्र तेच काम थोड्या मिनिटांत करते आणि कण बारीक राखते. कारागिरीच्या कसोटीवर उत्तम जिलातो आमच्या पॉटाहून सरस आहे, हे कबूल केलेच पाहिजे. मग आम्हांस आठवते ते काय? आठवतो तो दांडा, ती पाळी, ते वाट पाहणे. ही चव वाटीतली नव्हती, श्रमाची होती. आणि ती कोणत्याही दुकानाला विकता येणार नाही, कारण दुकानात दांडा गिऱ्हाइकाच्या हाती नसतो.

येथे कायद्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल. आपल्याकडील 2011 च्या अन्नमानकांनुसार आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के आणि एका लिटरचे वजन किमान 525 ग्रॅम असावे लागते. मूळ मिश्रणाचे लिटर मात्र किलोहून थोडे अधिक भरते. अर्थात विकल्या जाणाऱ्या लिटरात जवळजवळ निम्मी हवा असली, तरी कायद्याची हरकत नाही! उलट प्रामाणिकपणे केलेले जिलातो कमी स्निग्धांशामुळे ‘मध्यम स्निग्ध’ या खालच्या वर्गात जाऊन बसते. कायदा साय मोजतो, वजन मोजतो. कारागिरी मोजण्याचे माप त्याच्यापाशी नाही. ते काम टीकेचे आहे. म्हणून गिऱ्हाइकाने पाटी वाचण्याऐवजी वाटी पाहावी. पिस्त्याचा रंग भडक हिरवा असेल तर तो डब्यातून आला असे समजावे. खरा पिस्ता फिका आणि काहीसा मातकट असतो.

परकीय म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एका शब्दाचा प्रवासही ध्यानात घ्यावा. अरबी-तुर्कीतला जो शब्द आपल्याकडे ‘सरबत’ झाला, तोच इटलीत ‘सोर्बेत्तो’ आणि पोर्तुगीजांकडे ‘सोर्वेत’ झाला. पदार्थ सदैव फिरतच असतात. प्रश्न एवढाच, की ज्या गावी ते उतरले त्या गावाचे त्यांनी काही घेतले की नाही. मुल्कीच्या फळविक्रेत्याचे पुत्र रघुनंदन कामत यांनी 1984 साली जुहूस दुकान काढले, ते दूध, साखर आणि सीताफळ-शहाळ्यासारखी फळे यांच्या बळावर. त्यांनी फळाची जाण विकली, आणि आठवण तिच्या मागोमाग आपण होऊन आली.

आमच्या देवासात याचा याहून थोर दाखला आहे. कुमार गंधर्व 1948 च्या सुमारास प्रकृतीसाठी तेथे आले. आजारपणात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडली. त्या गीतांवर हळहळत न बसता त्यांनी त्यांतले स्वर तपासले आणि त्यांतून नवे राग उभे केले. जुन्यावरचे प्रेम आणि जुन्याचा व्यापार यांत जे अंतर आहे, ते येथे स्पष्ट दिसते. प्रेम करणारा जुन्याला कामाला लावतो. व्यापार करणारा त्याला पाटीवर टांगतो.

माळव्याच्या रात्रीची ख्याती जुनी आहे. उन्हाळ्यातही येथे रात्री वारा निवतो आणि माणसे अंगणात येऊन बसतात. त्या अंगणासाठी कोणी कारागीर इथल्या म्हशीचे दूध आणि इथलेच सीताफळ घेऊन, इटलीचे तंत्र खुशाल वापरून, काही नवे करील, तर मी त्याच्या दुकानी पहिल्या दिवशी जाईन. पाटीवर त्याने माझ्या बालपणाचा उल्लेख मात्र करू नये. ते बालपण आमच्या माळ्यावर, गंजलेल्या पत्र्याच्या डब्यात आहे. आणि या सुट्टीत मुलांच्या हाती तो दांडा देऊन पाहावा, असे मी ठरवले आहे.