पाळणाघराची वेळ कोणी ठरवायची?

आज आपण सरकारी अनुदानाच्या पाळणाघरांबद्दल बोलणार आहोत. योजनाच नको, असं आमचं म्हणणं नाही. ती आखताना कोणाला विचारलं जातं, आमची टीका त्यावर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००६ साली राजीव गांधींच्या नावानं राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. २०१७ मध्ये ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि २०२२ मध्ये 'मिशन शक्ती'खाली 'पाळणा' झाली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आणि अशी १७,००० केंद्रं उभी करायची, हा नवा बेत. बेत चांगलाच आहे. अंगणवाडीची मुळं तर आपल्याच बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात आहेत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं, हा त्यांचा विचार. म्हणजे आधी घर कसं चालतं ते बघायचं, वेळापत्रक नंतर.

आता २०१७ चे नियम बघा. पाळणाघर महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. साधा हिशेब करू. आठ तासांचं काम आणि वर जाण्या-येण्याचा वेळ. साडेसात तासांत हे बसतं का? पाळणाघर सकाळी लवकर उघडलं तरी तास तेवढेच राहतात. बरं, तास वाढवा म्हणावं, तर याच नियमांत सेविकेचं मानधन महिना ३,००० रुपये आणि मदतनिसाचं १,५०० होतं. तेवढ्या पैशात तिनं आणखी थांबावं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आईची वेळ आणि सेविकेचा पगार हा एकच प्रश्न आहे. म्हणून दोघींनाही विचारायला हवं.

विचारायची सक्ती आहे का? २०१४ च्या केंद्राच्या धोरणानुसार मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा लागतो. पण हे कायदे आणि नियमांपुरतं. योजनेच्या मार्गदर्शक सूचना त्यातून निसटतात. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ मात्र आहे. लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना संबंधित तथ्यं प्रसिद्ध करावीत आणि माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असं ते सांगतं. इंग्रजी पीडीएफ संकेतस्थळावर टाकून हे भागत नाही.

काही जण म्हणतील, सगळंच लोकांना विचारून कसं चालेल? बरोबर आहे. आहार किती, किती मुलांमागे एक सेविका, सुरक्षेचे निकष काय, हे जाणकारांनी ठरवावं. पण जागा कुठे, वेळ कोणती, शुल्क झेपतं का, यातले जाणकार म्हणजे मूल सोडून कामावर जाणाऱ्या बायकाच.

त्यासाठी नवी यंत्रणाही नको. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. तिथे हा विषय घ्या. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाया हंगामात गावात नसतात. त्यांना कोप्यांवर जाऊन विचारा. आणि शेवटी सांगा: कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का. एवढं शेवटचं जरी होत नसेल, तर त्याला सल्लामसलत म्हणू नये. ती निव्वळ पोचपावती झाली.