३३ बाइटांचा शिष्टाचार

०५, ०१, ००. सॉक्स नावाच्या प्रॉक्सी-संकेताच्या पाचव्या आवृत्तीत संभाषणाचा आरंभ या तीन बाइटांनी होतो. वरवर पाहिलं तर हे तीन सुटे आकडे आहेत. पण आपण क्षणभर थांबून ते सावकाश वाचले, तर त्यांत एक संपूर्ण आणि विनयशील वाक्य सापडतं. मी पाचव्या आवृत्तीची भाषा बोलतो, ओळख पटवण्याची एकच रीत माझ्यापाशी आहे, आणि ती रीत म्हणजे काहीही पुरावा न दाखवणं. पहिला आकडा भाषेचा, दुसरा रीतींच्या संख्येचा, तिसरा त्या रीतीच्या नावाचा. यातला एकही बाइट काढता येत नाही आणि एकही वाढवावासा वाटत नाही.

उमरोळी हे पालघर आणि बोईसर यांच्या मधलं छोटं स्टेशन. इथून सकाळी गाडी पकडून बोईसरला उतरणाऱ्या आणि तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या माणसाला या संभाषणाची चाल मुळातच परिचित आहे. कारखान्याच्या गेटवर नवखा माणूस आला की सिक्युरिटीच्या केबिनमधून आधी ओळखपत्र कोणतं आहे ते विचारलं जातं, मग कोणाला भेटायचं ते, मग आत फोन जातो, आणि होकार आला की गेटपास मिळतो. प्रॉक्सीची दिशा तेवढी उलटी: इथे आतला संगणक बाहेरच्या जगाशी बोलू पाहतो, आणि थेट बाहेर जाण्याची मुभा नसल्यामुळे दारावरच्या मध्यस्थाला आपलं गंतव्य सांगतो. हा संकेत मुळात डेव्हिड कोब्लास यांचा. १९९२ साली तो युसेनिक्सच्या सुरक्षा-परिषदेत मांडला गेला, आणि त्याची पाचवी आवृत्ती मार्च १९९६मध्ये आरएफसी १९२८ म्हणून, जेमतेम नऊ पानांत, प्रसिद्ध झाली. ती नऊ पानं आजही जशीच्या तशी चालतात, हे ध्यानात ठेवून आपण पुढे वाचू.

मध्यस्थाचं पहिलं उत्तर आणखी मितभाषी आहे: ०५, ००. भाषा कळली, रीत मान्य आहे. ओळख पटवल्याशिवाय सोडायचंच नसेल आणि पाहुण्याने, म्हणजे जोडणी मागणाऱ्या संगणकाने, सुचवलेली एकही रीत पसंत नसेल, तर दुसऱ्या जागी २५५ येतो, म्हणजे एका बाइटात मावणारी सर्वांत मोठी संख्या. आणि इथे एक सुंदर तपशील आहे. नकार मिळाल्यावर जोडणी बंद करण्याचं कर्तव्य संकेताने मध्यस्थावर टाकलेलं नाही. ते पाहुण्याने स्वतः करायचं आहे. 'नाही' ऐकल्यावर आपणहून मागे फिरावं, ही अपेक्षा नियमाच्या कलमात लिहून ठेवणाऱ्यांची अभिरुची आपण दाद देण्याजोगीच मानली पाहिजे.

आता मुख्य विनंती पाहू. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या 'एक्झाम्पल डॉट ऑर्ग' या पत्त्यावर, ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर जायचं आहे असं समजू. पाहुणा म्हणतो: ०५, ०१, ००, ०३, ११, मग नावाची अकरा अक्षरं, आणि शेवटी १ आणि १८७. शेवटच्या जोडीत पोर्ट आहे: एकदा २५६ आणि वर १८७, मिळून ४४३. मधला शून्य राखीव आहे. आज त्याला काही अर्थ नाही, पण उद्याच्या गरजेसाठी एक रिकामी जागा सोडण्याची दूरदृष्टी त्यात आहे. पत्त्याच्या प्रकारांतही तीच दृष्टी दिसते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा पहिला आराखडा डिसेंबर १९९५मध्ये आला आणि तीनच महिन्यांनी आलेल्या या संकेतात तिच्यासाठी ०४ हा क्रमांक तयार होता.

परंतु या साऱ्या ओळीत माझं मन गुंततं ते ०३ या आकड्यात. ०३ म्हणजे पुढे संख्यांचा पत्ता येत नसून नाव येत आहे. पाहुण्याला त्या नावामागचा आयपी पत्ता ठाऊक असण्याची गरजच नाही. तो नाव जसंच्या तसं मध्यस्थाच्या हाती देतो आणि शोधाचा भार त्याच्यावर सोपवतो. आधीच्या चौथ्या आवृत्तीत ही सोय नव्हती, ती मागाहून जोडावी लागली. या सोपवण्याचं मोल किती, हे कळायला आपल्याला घटनाधारित प्रोग्रॅमच्या घरात शिरावं लागतं.

असा प्रोग्रॅम एका वेळी शेकडो, हजारो जोडण्या सांभाळतो, पण त्यातल्या कोणत्याही एकीसाठी तो खोळंबत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमला एवढंच सांगतो की या साऱ्यांपैकी जिथे काही घडेल ते मला कळव. आणि जे घडलं त्याच्यापुरतं काम करून पुन्हा आपल्या फेऱ्यात, इव्हेंट लूपमध्ये, परत येतो. १९८३च्या ४.२ बीएसडीतल्या 'सिलेक्ट'पासून ही परंपरा चालत आली. १९९९मध्ये डॅन केगल यांनी एकाच सर्व्हरवर दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या हा प्रश्न मांडला. पुढे २०००मध्ये फ्रीबीएसडीत 'केक्यू', २००२मध्ये लिनक्सच्या विकसनशील आवृत्तीत 'ईपोल' आलं. या फेऱ्यात एकच अपराध अक्षम्य आहे, तो म्हणजे कुठेतरी अडून बसणं. आणि नावावरून पत्ता शोधण्याचं जुनं, सर्वत्र उपलब्ध असलेलं फंक्शन नेमका हाच अपराध करतं: उत्तर येईपर्यंत ते परतत नाही, आणि त्या काळात बाकीच्या हजार जोडण्या मुक्या होतात. म्हणून तर त्या शोधासाठी वेगळे थ्रेड ठेवावे लागतात, वेगळ्या लायब्ऱ्या लिहाव्या लागतात. ०३ आलं की हा सारा प्रपंच एका बाइटाने मिटतो. नाव मध्यस्थाकडे गेलं, शोध त्याच्या अंगणात होईल, आणि आपला फेरा अखंड फिरत राहील. दुसऱ्याच कारणासाठी केलेली एक सोय अशी अनपेक्षितपणे एका संपूर्ण शैलीला वरदान ठरते, तेव्हा रचनाकाराइतकाच आनंद वाचणाऱ्यालाही होतो.

आता प्रतीक्षांकडे वळू, कारण या संभाषणाचा प्राण बाइटांइतकाच त्यांच्यामधल्या शांततेत आहे. पहिली प्रतीक्षा मध्यस्थाशी जोडणी होण्याची, दुसरी ओळखीच्या उत्तराची, तिसरी गंतव्य गाठल्याच्या बातमीची. आणि ही तिसरी सर्वांत दीर्घ असू शकते, कारण तेवढ्या वेळात मध्यस्थ नाव शोधतो आणि पलीकडचं दार ठोठावतो. साधा, एकरेषीय प्रोग्रॅम या प्रत्येक ठिकाणी थबकून उभा राहतो, आणि त्यामुळेच आपण कुठवर आलो हे त्याला वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. जिथे उभा आहे तीच त्याची आठवण. घटनाधारित प्रोग्रॅम मात्र दर वेळी निघून जातो. परतल्यावर त्याला विचारावं लागतं: अभिवादन झालं होतं का? विनंती गेली होती का? उत्तराचे किती बाइट हाती आले होते? या सगळ्याची नोंद त्याने जोडणीबरोबर बाळगलेली असावी लागते. थांबण्यातून मिळालेली मोकळीक स्मरणाच्या किमतीवर विकत घेतलेली आहे, आणि हे एकच सूत्र उमगलं की अशा कोडमधली प्रत्येक ओळ बोलू लागते.

अंतिम उत्तर वाचण्यातलं कौशल्य या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. ०५, ००, ००, ०१, मग पत्त्याचे चार बाइट आणि पोर्टचे दोन: एकूण दहा. आधीचे तीन, दोन आणि अठरा मिळवले तर सारा संवाद ३३ बाइटांत आटोपतो. पण दहा हा आकडा गृहीत धरता येत नाही. चौथा बाइट पत्त्याचा प्रकार सांगतो, आणि तो वाचल्यावरच पुढे किती वाचायचं ते ठरतं. शिवाय टीसीपीचा प्रवाह हे दहा बाइट एकदम देईल, तीन-सात असे देईल किंवा एकेक करून देईल, याचं काही वचन नसतं. कमी आले तर नोंद ठेवून परत फेऱ्यात जायचं, हे तर झालंच. पण जास्त आले तर? ईमेलचे आणि एसएसएचचे सर्व्हर जोडणी होताच स्वतःहून बोलू लागतात. त्यांचं पहिलं वाक्य मध्यस्थाच्या होकाराला चिकटूनच येऊ शकतं. अधाशी वाचक ते होकाराबरोबर गिळून टाकतो आणि पुढचा सारा संवाद एका हरवलेल्या नमस्काराने बिघडतो. रसिक कोड मात्र आपल्या वाट्याचे बाइट तेवढे घेतो आणि उरलेले, जसेच्या तसे, पुढच्या मालकाच्या हाती देतो.

स्मरणाचं मोल किती, हे 'कर्ल' या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या इतिहासात फार स्पष्ट वाचता येतं. त्याचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी फेब्रुवारी २०२०मध्ये सॉक्सची जोडणी करणारं थबकणारं फंक्शन टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या, न अडणाऱ्या रूपात नव्याने लिहिलं. नावाची लांबी एका बाइटात सांगायची असल्यामुळे ते २५५ बाइटांहून लांब असू शकत नाही. त्याहून लांब नाव आलं, तर ते मध्यस्थाकडे न पाठवता पत्ता इथेच शोधायचा, असा निर्णय पहिल्या टप्प्यात घेतला जाई. पण तो निर्णय ठेवला होता फंक्शनच्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये. मध्यस्थ चटकन उत्तरला तर सारं सुरळीत. तो रेंगाळला की फंक्शन निघून जाई, पुन्हा बोलावल्यावर ते व्हेरिएबल मूळ किमतीवर आलेलं असे, आणि लांबलचक नाव न मावणाऱ्या बफरमध्ये उतरवलं जाई. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी सीव्हीई-२०२३-३८५४५ या क्रमांकाने हा दोष जाहीर झाला आणि ८.४.० आवृत्तीत तो दूर झाला. स्टेनबर्ग यांनी ही कथा स्वतः, काहीही न लपवता सांगितली. दुरुस्ती तर मूळ कल्पनेपेक्षाही देखणी आहे: नाव फार लांब असेल तर कर्ल आता गुपचूप वाट बदलत नाही, सरळ त्रुटी कळवतं. जो निर्णय लक्षात ठेवावा लागत होता, तो निर्णयच उरला नाही.

याच दाराची दुसरी बोली एचटीटीपीची. तिथे बाइटांचे संकेत नसतात. 'कनेक्ट' हे क्रियापद, पुढे नाव आणि पोर्ट, असं वाचता येणारं वाक्य जातं आणि २०० या अंकाने होकार येतो. आयआयटी मुंबईच्या पवईतल्या परिसरात अनेक वर्षं बाहेरची वाट प्रॉक्सीतूनच होती, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना प्रत्येक साधनाला त्या मध्यस्थाचा पत्ता शिकवावा लागे. या बोलीतही वाचण्याचा नियम तोच: उत्तर कोऱ्या ओळीपाशी संपतं आणि त्यानंतरचा प्रत्येक बाइट पलीकडच्याचा असतो.

आणि मग येतो या रचनेतला मला सर्वांत प्रिय क्षण. होकार मिळतो आणि मध्यस्थ बोलायचा थांबतो. त्याच जोडणीवर आता टीएलएसचं गुप्त संभाषण सुरू होतं. आपण कुठे गेलो ते मध्यस्थाला ठाऊक असतं, तिथे काय बोललो ते नाही. पायथनच्या ॲसिंकआयओ या घटनाधारित लायब्ररीत २०१८च्या ३.७ आवृत्तीपासून चालू जोडणीवरच टीएलएस चढवण्याची सोय आहे, आणि ती वापरून झाली की वरचा कोड ही वाट थेट आहे की कोणाच्या दारातून आलेली, हे जाणतही नाही. ३३ बाइटांचा सारा शिष्टाचार त्याच्यापासून झाकलेला राहतो, आणि तसा तो राहणं हीच त्याची सिद्धी.

असा कोड पुढे कधी आपल्यासमोर आला, तर तो वरून खाली एका दमात वाचू नये. तो जिथे जिथे फेऱ्यात परत जातो त्या जागांवर बोट ठेवावं आणि तिथून निघताना त्याने बरोबर काय घेतलं ते पाहावं. ज्या कोडमध्ये हे सामान नेमकं, मोजकं आणि हरवणार नाही असं बांधलेलं असतं, तो कोड एका जोडणीवर जितका सहज चालतो तितकाच दहा हजारांवर चालतो. आणि ते सामान ओळखता येऊ लागलं, की तांत्रिक दस्तऐवजाच्या नऊ कोरड्या पानांतही आपल्याला लेखकाचा हात दिसू लागतो.