नाव मोठं, पन्हा किती?

मुलाचं नाव ठेवताना त्याचे गुण बघायची पद्धत आपल्याकडे नाही. पाळण्यातलं कार्टं पुढे काय करणार, हे कुणाला ठाऊक असतं? त्यामुळे 'शांताराम' गल्ली डोक्यावर घेतो आणि आपण ते चालवून घेतो. पण सॉफ्टवेअरचं तसं नाही. बारशाच्या दिवशीच त्याला काय काय येतं ते ठरलेलं असतं. तरीही आत्याबाईंना काव्य सुचतंच!

मी म्हणतोय ते मुक्त सॉफ्टवेअरबद्दल. म्हणजे ज्याची वीण कुणीही उसवून पाहावी, सुधारावी आणि बहुधा फुकट वापरावी, असं. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅकने 'बॉस' नावाची अशी प्रणाली काढली. तिची पाचवी आवृत्ती 'अनोखा', सहावी 'अनूप'. म्हणजे एकमेवाद्वितीयाच्या पाठीवर अतुलनीय! नावं गोड आहेत. पण पाचवीतून सहावीत जाताना सुधारलं काय, ते त्यांवरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

लिबरऑफिसवाल्यांनी तर डिसेंबर २०१६ मध्ये 'मफिन' जाहीर केला. 'माय यूझर फ्रेंडली अँड फ्लेक्सिबल इंटरफेस' याची ही आद्याक्षरं. शेवटच्या शब्दाची दोन घेतली, तेव्हा कुठे मफिन फुगला! आत होतं काय? तर वरच्या बटणांची मांडणी आपापल्या सोयीने निवडायची मुभा. चीज खरोखर कामाची. पण 'बटणं हवी तशी मांडा' म्हटलं असतं, तर काय जीएसटी लागणार होता?

भिवंडीत हे खपलं नसतं. यंत्रमागावरचं कोरं कापड घ्यायला आलेला व्यापारी विचारतो : सूत किती काउंटचं? रीड-पीक काय? पन्हा किती? त्याला 'अनोखा आहे हो शेठ' म्हणून बघा. तो चहासुद्धा न घेता उठेल. सिनेमाची नावं लागतात ती पुढे, कापड रंगून-छापून दुकानात गेल्यावर.

बरं, सरळ नाव ठेवता येत नाही असंही नाही. ग्नोमने मार्च २०१७ मध्ये 'नाइट लाइट' आणला. रात्री पडद्याचा उजेड तांबूस होतो. नाव ऐकलं, काम कळलं.

फुकटच्या मालाला दारोदार फिरणारा विक्रेता नसतो. नाव हाच त्याचा विक्रेता. तोच मुका निघाला, की चार जणांनी रात्री जागून केलेली सुधारणा पडून राहते आणि गोदामातला कारकून 'ह्यात ते नाही बुवा' म्हणत चोरून उतरवलेलं महागडं सॉफ्टवेअर चालवत बसतो.

तेव्हा आत्याबाई, मफिन हवे तितके खा. पण कानात 'कुर्र' करताना तेवढा पन्हा सांगा.