होल्ड लावला म्हणजे नियंत्रण आलं का?

मंडळी, लिनक्सवरच्या अपडेटबाबत आपल्याकडे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, आलं की लगेच टाका. दुसरा म्हणतो, चालतंय ना, मग हात लावू नका. आमच्या मते दोन्ही अपुरे आहेत, आणि त्याचा दाखला आपल्या नवी मुंबईशेजारीच आहे.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्याच्या हल्ल्यामुळे न्हावा शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचं काम ठप्प झालं. हल्ला विंडोजवरचा होता, पण धडा आपल्यालाही लागू आहे. तो सुरू झाला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे डोळे झाकून अपडेट घेणारे फसले. पुढे पसरायला त्याने वापरलेली एक त्रुटी मात्र मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्त केली होती. म्हणजे अपडेट न घेणारेही फसले!

लिनक्सही यातून सुटलेलं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड यूटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो डेबियन टेस्टिंगपर्यंत पोचला होता; स्टेबल वाचलं, कारण तिथे नवी आवृत्ती घाईने येत नाही. पॅकेजवरची सही तर अस्सलच होती. सही पाठवणारा कोण ते सांगते, आत काय भरलंय ते नाही.

आता आमचा मुख्य आक्षेप. आपण सर्रास ‘एपीटी-मार्क होल्ड’ लावतो आणि त्यालाच नियंत्रण म्हणतो. पण होल्ड मुका असतो. कुणी लावला, का लावला, कधीपर्यंत, यातलं काहीच तो नोंदवत नाही. वर सुरक्षा दुरुस्तीसुद्धा अडवतो. लावणारा नोकरी सोडून गेला की ते पॅकेज वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

एपीटीच्या प्रेफरन्सेस फाइलमध्ये पिनिंग केलं तर पॅकेज ठरावीक मालिकेत बांधता येतं, आणि त्या मालिकेतल्या दुरुस्त्या येत राहतात. तिथे ‘एक्सप्लनेशन’ नावाची ओळही असते. कारण आणि फेरतपासणीची तारीख त्यात लिहा. सुरक्षा अपडेट अनअटेंडेड-अपग्रेड्सवर सोपवा. बाकीची आधी चाचणीच्या मशीनवर, मग सर्व्हरवर.

उद्या कामावर गेलात की ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ चालवून बघा. यादीतल्या ज्या नावाचं कारण ऑफिसात कुणालाच सांगता येणार नाही, तिथून सुरुवात करा.