आघातांची पेटी आणि वादकाचा हात

ध्वनिमुद्रित आघातांच्या संग्रहाला वाद्य म्हणावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दांचा वाटेल. परंतु ज्याला असा संग्रह विकत घेऊन त्यावर भजन, भावगीत अथवा नाट्यपद बसवावयाचे आहे, त्याची सारी निवड ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. संगणकावर संगीत रचणाऱ्या बहुतेकांजवळ आज अशी एखादी पेटी असते. तिला ते ‘ड्रम किट’ म्हणतात, तरी तीत ना कातडे असते ना काठी. एखाद्या निष्णात वादकाने स्टुडिओत बसून किक, स्नेअर, टॉम, हाय-हॅट आणि मोठ्या झांजा ह्यांवर एकेक आघात करावयाचा, भोवती मांडलेल्या मायक्रोफोनांनी तो टिपावयाचा, आणि अशा हजारो सुट्या आघातांना ‘सॅम्पल’ हे नाव देऊन ते संगणकात क्रमवार लावून ठेवावयाचे, की ही पेटी सिद्ध झाली. पुढे कीबोर्डाची पट्टी दाबली की त्यांतला एक आघात उमटतो. वादक केव्हाच घरी गेलेला असतो.

माझ्या मते हे वाद्य नव्हे. ही लिहून घेतलेली जबानी होय. हयात नसलेल्या साक्षीदाराची लेखी जबानी न्यायालयात वाचता येते, तिचा आधारही घेता येतो. पण तिची उलटतपासणी घेता येत नाही. जे त्या दिवशी विचारले गेले तेवढेच तीत आहे. तद्वत् ह्या पेटीत जे आघात त्या दिवशी केले गेले तेवढेच आहेत, आणि ते सारे होऊन गेलेले आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवून पेटी निवडणारा क्वचित फसतो. जाहिरातीतील आकडे पाहून निवडणारा मात्र बहुधा फसतो.

रॉजर लिन ह्या अमेरिकन कारागिराने १९८० साली ‘एलएम-१’ हे यंत्र बाजारात आणले, तेव्हा खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आघात वाजविणारे ते पहिले ड्रमयंत्र ठरले. त्यात हाय-हॅट होते, परंतु क्रॅश आणि राइड ह्या मोठ्या झांजा नव्हत्या. कारण झांजेचा नाद लांबवर घुमत राहतो आणि तेवढा नाद साठविण्याइतकी स्मृती त्या काळी फार महाग होती. १९८२ च्या ‘लिनड्रम’मध्ये त्या आल्या. ह्या यंत्रांचा खरा दोष झांजांच्या अभावाचा नव्हताच. स्नेअरचा एकच आघात पुनःपुन्हा जसाच्या तसा वाजे, हा तो दोष होता. खऱ्या वादकाचे दोन आघात कधीही तंतोतंत सारखे नसतात. काठी कातड्यावर केसभर सरकते, मनगट थकते, पहिल्या आघाताचा नाद विरण्यापूर्वी दुसरा येऊन त्यात मिसळतो. कानाला हा भेद सांगता येत नाही, पण तो नाहीसा झाला की कान लगेच तक्रार करतो. जलद आवर्तनात तेच ते सॅम्पल वाजू लागले की मशीनगन सुटल्याचा भास होतो.

त्यावर तोड म्हणून पुढील संग्रहकर्त्यांनी एकाच जोराचे अनेक आघात नोंदवून ते पाळीपाळीने वाजविण्याची व्यवस्था केली. तिला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. तसेच हलक्यात हलक्या स्पर्शापासून पूर्ण ताकदीच्या फटक्यापर्यंत जोराच्या निरनिराळ्या पायऱ्या नोंदविल्या. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या ‘मिडी’ संकेतपद्धतीत आघाताचा जोर १ ते १२७ ह्या अंकांनी सांगतात. मात्र संकेतात १२७ अंक आहेत म्हणून पेटीत १२७ आघात असतातच असे नाही. कित्येक स्वस्त पेट्यांत तीनचारच आघात असतात आणि मधल्या अंकांना तोच आघात केवळ लहानमोठा करून वाजविला जातो. हलका आघात म्हणजे जोराच्या आघाताचा धाकटा आवाज नव्हे. त्याचा नादच वेगळा असतो. म्हणून पेटीची परीक्षा करणाऱ्याने आधी मोठे फटके ऐकू नयेत. मोठा फटका कोणत्याही पेटीत देखणाच असतो. स्नेअरवर दोन ठळक आघातांच्या मध्ये वादक जे जेमतेम ऐकू येणारे स्पर्श पेरीत जातो ते ऐकावे. तेथे पेटी पातळ लागली तर तिचे बाकीचे वैभव निरर्थक आहे.

वैभवाचा विषय निघाला म्हणून स्वीडनच्या टूनट्रॅक मंडळींचे ‘सुपीरिअर ड्रमर ३’ पाहू. २०१७ मध्ये निघालेल्या ह्या संग्रहाचे ध्वनिमुद्रण जॉर्ज मॅसेनबर्ग ह्या विख्यात अभियंत्याने बेल्जमच्या मोल गावातील गॅलक्सी स्टुडिओत केले, आणि त्याचा पसारा २३० गिगाबाइटांहून अधिक आहे. काम उत्तम आहे ह्यात संशय नाही. एखादा आघात विरताना ऐकला, तर त्या दालनाची शांतता किती खोल असेल ह्याची कल्पना येते. पण नेमकी तीच शांतता आमच्याकडील गाण्यात अडचण करते. फोंड्याच्या एखाद्या लहान खोलीत, पंखा बंद करून मुद्रित केलेला गायकाचा आवाज आणि बेल्जमच्या दालनातला स्नेअर एकत्र आणले, की एका गाण्यात दोन घरे उभी राहतात व ती एकमेकांशी बोलत नाहीत. अशा वेळी दूरचे मायक्रोफोन बंद करून जवळचेच ठेवावेत आणि सर्वांवर एकच प्रतिध्वनी घालावा. ज्या पेटीत ही मुभा आहे ती, इतर बाबतींत साधी असली तरी, आपल्या उपयोगाची. ह्याच्या उलट स्टीव्हन स्लेट ह्यांच्या संग्रहाचा प्रकार. तेथे आघात आधीच संस्कार करून, मिसळणीला सिद्ध करून दिलेले असतात. घाई असेल तर ती मोठी सोय आहे. पण शिजवून आलेल्या भाजीतले मीठ काढता येत नाही, आणि मृदू गाण्यात ते मीठ खटकते.

निवडीइतकाच वापराचाही दोष असतो. किंबहुना मी ऐकलेल्या दहांतील आठ वाईट ध्वनिमुद्रणांत पेटी निर्दोष होती. ड्रमवादकाला दोन हात आणि दोन पाय असतात. संगणकावर रचणाऱ्याला हे स्मरत नाही, आणि तो एकाच क्षणी स्नेअर, टॉम, राइड व क्रॅश वाजवून मोकळा होतो. श्रोत्याला तिसरा हात दिसत नाही, पण ऐकू येतो. दुसरी गोष्ट लयीची. देवळांतून आरतीच्या वेळी विजेच्या मोटरीवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र आता पुष्कळ ठिकाणी बसले आहे. आरत्या संपून ‘घालीन लोटांगण’पर्यंत येता येता मंडळींची लय आपसूक चढते, यंत्र मात्र आपल्याच गतीने ठोकत राहते, आणि शेवटी माणसांनाच त्याच्यामागे पाय ओढीत जावे लागते. संगणकात एकच गती बांधून त्यावर आघात रचणारा हेच करीत असतो. गती चढविण्याची सोय बहुतेक प्रणालींत आहे; ती वापरण्याचा आळस हा पेटीचा दोष नव्हे.

येथपर्यंत जे सांगितले ते कोणत्याही देशातील रचनाकाराला लागू पडेल. परंतु आमच्यापुरता एक निराळाच मुद्दा आहे आणि तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सॅम्पलची ही कला पाश्चात्त्य ड्रमवर इतक्या लवकर का साधली? स्मृती स्वस्त झाली एवढेच त्याचे कारण नव्हे. स्नेअरवर काठी पडली की वादकाचे काम तेथे संपते. पुढचा नाद कातड्याचा, लाकडाचा आणि खोलीचा. आघात जन्मताच स्वतंत्र होतो, म्हणून तो सुटा करून पेटीत ठेवता येतो. ड्रमसंचातही जेथे वादकाचा अवयव नादावर राहतो तेथे पेटी अडखळते. हाय-हॅटच्या दोन झांजा पायाने दाबल्या वा सैल केल्या जातात, आणि उघड्या-मिटल्याच्या मधल्या अवस्थांना अंतच नाही. चांगली व सुमार पेटी ह्यांतला भेद म्हणूनच हाय-हॅटवर सर्वांत आधी उघडा पडतो.

आता तबल्याचा डग्गा घ्या. थाप पडल्यावर मनगट कातड्यावरून सरकते आणि नाद वर चढतो अथवा खाली घसरतो. येथे आघात ही क्रियेची सुरुवात आहे, शेवट नव्हे. घुमटाचे तर सारे वैशिष्ट्यच ह्यात आहे. मातीच्या घुमटाच्या मोठ्या तोंडावर कातडे असते. मागचे लहान तोंड उघडे असते, आणि त्यावर डावा तळवा मिटत-उघडत वादक नाद आवळतो वा मोकळा सोडतो. उजवा हात वाजवितो, डावा बोलतो. ह्यातला एक आघात सुटा करून ठेवला तर उजव्या हाताची नोंद झाली. डावा हात पेटीबाहेरच राहिला. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून घोषित केले. त्याआधीच, वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यामुळे, घोरपडीच्या कातड्याऐवजी बकऱ्याचे कातडे मढविण्याची पद्धत रूढ होऊ लागली होती. त्यावर जुन्या वादकांनी नादाविषयी हळहळ व्यक्त केली. पण डावा हात शाबूत होता म्हणून घुमट घुमटच राहिले. कातडे बदलून जे गेले नाही ते सॅम्पलने जाऊ शकते.

मी हे भय कल्पनेने रंगवीत नाही. अलीकडे एका भजनसंग्रहाचे ध्वनिमुद्रण ऐकण्यात आले. त्यात सुवारीचा उल्लेख आवर्जून होता, परंतु शामेळ आणि कांसाळे ह्यांच्या जागी पाश्चात्त्य टॉम व झांज वाजत होती, आणि घुमट म्हणून जे वाजत होते ते एकाच उंचीचा एकच ठोका होता. मुलांच्या कानांवर हेच पडत राहिले तर दहा वर्षांनी खऱ्या घुमटाची आस त्यांना बेसूर वाटेल. पाश्चात्त्य पेटी पाश्चात्त्य तऱ्हेच्या गाण्यात खुशाल वापरावी. मुंबईच्या चित्रपटसंगीतात लेस्ली गुदिन्हो ह्यांच्यासारख्या गोमंतकीय ड्रमवादकांनी ते वाद्य आपलेसे करून दाखविले आहे, तेव्हा त्याला परके म्हणण्याचे कारण नाही. घुमटाची जागा त्याला देऊ नये, एवढेच.

सॅम्पलची योग्य मर्यादा ओळखून वापर केल्याचा उत्तम दाखला एका अनपेक्षित ठिकाणी सापडतो. स्वीडनच्या ‘मेशुगा’ ह्या कर्कश वाद्यवृंदाने २००५ च्या ‘कॅच थर्टीथ्री’ ह्या संग्रहात ड्रम संगणकावरच रचले. परंतु ते सॅम्पल त्यांच्याच टॉमस हाके ह्या वादकाने वाजविलेल्या ड्रमचे होते. स्वतःच्या हाताची नोंद स्वतःच वापरणे ह्यात फसवणूक नाही. आणि २००८ च्या पुढल्या संग्रहात हाके पुन्हा स्वतः वाजवावयास बसले.

वकिलाला कायद्याचा उल्लेख टाळता येत नाही. १९६९ मध्ये ‘द विन्स्टन्स’ ह्या अमेरिकन मंडळींच्या एका गीतात ग्रेगरी कोलमन ह्यांनी काही सेकंद एकटाच ड्रम वाजविला. तो तुकडा पुढे हजारो गीतांत कापून जोडला गेला. कोलमन २००६ मध्ये वारले. त्यांस त्यापोटी कधी काही मिळाले नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी जमवून वृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर ह्यांस सुमारे २४,००० पौंड दिले, ती दया होती, हक्क नव्हे. युरोपीय न्यायालयाने २०१९ साली ‘क्राफ्टवेर्क’ प्रकरणात असे म्हटले की ध्वनिमुद्रणाचा अगदी लहान तुकडाही, कानाला ओळखू येईल अशा रीतीने, परवानगीवाचून उचलता येत नाही. तो वाद दोन सेकंदांच्या तालवाद्याच्या तुकड्याचा होता, आणि खटला त्यानंतरही चालूच राहिला. विकत घेतलेल्या पेटीत ही धास्ती नसते, कारण तेथे परवाना मिळतो. पण परवाना म्हणजे विक्री नव्हे. गाण्यात आघात वापरण्याची मुभा असते. तेच आघात सुटे करून आपली पेटी म्हणून विकण्याची नसते. आमच्याकडे १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने वादकाचे हक्क प्रथम आले आणि २०१२ मध्ये त्यांत नावाच्या निर्देशाचा नैतिक हक्क मिळाला. परंतु एकेक सुटा ठोका म्हणजे ‘प्रयोग’ होतो काय, ह्यावर वाद घालता येईल. वादकाने त्या वादावर विसंबू नये आणि मंदिरसमित्यांनीही विसंबू देऊ नये.

म्हणून ज्या समितीला आपल्या सुवारीची पेटी करवून घ्यावयाची असेल, तिने सुटे आघात थोडे आणि सलग आवर्तने अधिक मुद्रित करावीत. डाव्या तळव्याच्या हालचालींसाठी स्वतंत्र मायक्रोफोन मागच्या तोंडाशी ठेवावा. चढत्या लयीची निदान तीन आवर्तने घ्यावीत. आणि ध्वनिमुद्रणापूर्वीच वादकाचे नाव पेटीवर छापण्याचे, दर विक्रीतील त्याचा वाटा ठरविण्याचे व त्याच्या वारसांस तो चालू ठेवण्याचे कलम लिहून घ्यावे. असा करार दोन पानांहून मोठा होण्याचे कारण नाही.