कर्त्याचे स्थान : यशवंतराव चव्हाण यांची संसदेतील सुरक्षाविषयक भाषा

यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्या घटनेची मराठी मनातील स्मृती ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ या एका वाक्यात साठवलेली आहे. हे वाक्य समर्पक असले तरी त्याने एक हानी केली आहे. चव्हाणांच्या जाण्याचे जेवढे स्मरण राहिले, तेवढे तेथे जाऊन त्यांनी सभागृहात काय सांगितले याचे राहिले नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या मावळात, एकीकडे देहूरोडचे लष्करी भांडार आणि दुसरीकडे लोणावळ्याची ‘शिवाजी’ ही नौदलाची प्रशिक्षणसंस्था यांच्यामधल्या उर्से-तळेगावच्या टापूत, ‘संरक्षण’ हा शब्द नित्य परिचयाचा आहे. परंतु संरक्षणाविषयी संसदेत उच्चारलेली वाक्ये तेथेही क्वचितच वाचली गेली असतील. प्रस्तुत लेखात अशा दोन प्रसंगांचा विचार केला आहे : २ सप्टेंबर १९६३ चे नेफा-चौकशीवरील निवेदन आणि १९६७ चा बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम.

पहिल्या निवेदनाची पार्श्वभूमी सुपरिचित आहे. १९६२ च्या पराभवानंतर सरसेनापती जनरल चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्याकडे चौकशीचे काम सोपवले. प्रशिक्षण, साधनसामग्री, अधिकाररचना, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांचा आपल्या हाताखालील सैनिकांवरील प्रभाव असे चौकशीचे विषय होते. अहवाल प्रसिद्ध केल्यास सुरक्षिततेला धोका पोहोचेल आणि सीमेवरील जवानांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, असे सांगून चव्हाणांनी तो सभागृहापुढे ठेवला नाही. त्याचा सारांश मात्र ठेवला.

हा सारांश निःसत्त्व नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. साधनसामग्रीचा तुटवडा होता, प्रशिक्षणाला डोंगराळ युद्धाचे वळण नव्हते, गुप्तवार्ता मिळण्यास विलंब लागे आणि मिळालेली वार्ता मोघमपणे कळवली जाई, हे सर्व मंत्र्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. कनिष्ठ अधिकाऱ्यांची कामगिरी सर्वसाधारणपणे बरी होती, उणिवा वरच्या श्रेणीत अधिक ठळक झाल्या, हेही त्यांनी लपवले नाही. पराभवानंतर दहाच महिन्यांनी एखाद्या मंत्र्याने इतके बोलणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि या वाक्यांत कर्ता कोठे आहे, हे पाहू लागले की चित्र पालटते. निवेदन इंग्रजीत होते, आणि इंग्रजीच्या कर्मप्रधान रचनेत कर्ता सहज गाळता येतो. मराठीचे व्याकरण या बाबतीत अधिक आग्रही आहे. ‘त्याने आदेश दिला’ या आपल्या कर्मणी प्रयोगात कर्ता तृतीया विभक्तीत का होईना, पण उभा असतो. त्याला बाजूला सारायचे तर मराठीत अनेकदा अकर्मक क्रियापदाचा आश्रय घेतला जातो. ‘उणिवा ठेवल्या’ असे म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न उठतो; ‘उणिवा राहिल्या’ असे म्हटले की तो उठत नाही. चव्हाणांच्या निवेदनाचे मराठी रूपांतर करू पाहणाऱ्यास पदोपदी ‘राहिल्या’, ‘आढळले’, ‘दिसून आले’ हीच क्रियापदे वापरावी लागतील. श्रेणींचा उल्लेख आहे; व्यक्तींचा आणि निर्णयांचा नाही.

याहून लक्षणीय आहे तो निवेदनातील शासनाचा उल्लेख. सर्वांत मोठ्या आणि सुसज्ज सैन्यालासुद्धा शासनाकडून योग्य धोरणात्मक मार्गदर्शन मिळावे लागते आणि ते सैन्याच्या आकाराशी व साधनांशी सुसंगत असावे लागते, अशा आशयाचे विधान चव्हाणांनी केले. येथे कर्ता आहे, परंतु काळ बदललेला आहे. सैन्याविषयीची विधाने भूतकाळात आहेत. शासनाविषयीचे विधान नित्य वर्तमानकाळात, सुभाषिताच्या काळात आहे. ‘शासनाने असे मार्गदर्शन दिले नाही’ असे चव्हाण म्हणाले नाहीत. सर्व सैन्यांना सर्व काळी लागू पडणारे सत्य त्यांनी सांगितले आणि १९६२ ला ते लागू करण्याचे काम श्रोत्यांवर सोपवले. पंडित नेहरू पंतप्रधान असताना याहून स्पष्ट बोलणे नव्या मंत्र्यास कितपत शक्य होते, हा प्रश्न न्याय्य आहे. त्या मर्यादेत हे विधान धैर्याचेही मानता येईल. परंतु श्रोत्याने पूर्ण करावयाचे वाक्य श्रोत्याने पूर्ण केले नाही, तर ते अपुरेच राहते. तो अहवाल पुढे दशकानुदशके गोपनीयच ठेवण्यात आला. २०१० आणि २०१४ मध्ये भिन्न पक्षांच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत तीच भूमिका घेतली. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग उघड केला, तो शासनाच्या अनुमतीने नव्हे.

दुसरा प्रसंग गृहमंत्री चव्हाणांचा आहे. बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) विधेयक त्यांच्या कारकीर्दीत संसदेने संमत केले आणि ३० डिसेंबर १९६७ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. मूळ अधिनियमात दहशतवादाचा विचार नव्हता. त्याचा रोख फुटीरतेवर होता. त्यातील ‘कृत्य’ या शब्दाची व्याख्या भाषेच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. प्रत्यक्ष कृती, उच्चारलेले किंवा लिहिलेले शब्द, खुणा, दृश्य चित्रण, हे सर्व तीत ‘कृत्य’ ठरते. आणि भारताचे सार्वभौमत्व व प्रादेशिक अखंडता नाकारणे, भंग करणे यांच्याच पंक्तीत ‘त्यांविषयी प्रश्न उपस्थित करणे’ हेही क्रियापद बसवलेले आहे. व्याकरणात प्रश्न हा विधानाहून वेगळा असतो, कारण प्रश्नकर्ता काहीही प्रतिपादन करीत नाही. या व्याख्येने तो भेद पुसला. उलट, शासनाने अन्य देशाशी केलेला तह किंवा त्यासाठी चालवलेली बोलणी शिक्षेच्या कलमातून स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. प्रदेश देण्याची भाषा नागरिकाने केली तर ते कृत्य होते. शासनाने अधिकृतपणे केली तर ती वाटाघाट होते.

या अधिनियमास समर्थनाचा आधार नव्हता असे नाही. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने सार्वभौमत्व व अखंडता ही भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधाची कारणे म्हणून आधीच मान्य केली होती. संघटनेवरील बंदी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणाने कायम करावी आणि तिची मुदत दोन वर्षे असावी, ही बंधने मूळ अधिनियमातच होती. परंतु कायद्याची भाषा तिच्या कर्त्याच्या हेतूपेक्षा दीर्घायुषी असते. २००४ मध्ये याच चौकटीत दहशतवादाचे प्रकरण घालण्यात आले, मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ती अधिक कठोर झाली, आणि २०१९ मध्ये संघटनेप्रमाणे एखाद्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार शासनास मिळाला. बंदीची मुदतही २०१३ मध्ये दोनाची पाच वर्षे झाली. ‘कृत्या’ची विस्तृत व्याख्या मात्र टिकून राहिली.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले असता त्यांतील विषमता स्पष्ट होते. १९६३ मध्ये शासनाच्या कृतीला कर्ता नाही. १९६७ मध्ये नागरिकाच्या उक्तीलाही कर्ता आहे आणि ती उक्ती हीच कृती आहे. याचा दोष एकट्या चव्हाणांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय सुरक्षेची भाषा कोणत्याही राजवटीत याच दिशेने झुकते, आणि चव्हाणांनी निदान १९६३ मध्ये सारांशाइतके तरी दार उघडे ठेवले. परंतु त्यांच्या थोरवीचे मोजमाप केवळ सह्याद्रीच्या प्रतिमेने करणाऱ्या समीक्षेने त्यांची वाक्ये वाचण्याचे टाळले आहे. सुरक्षेवरील संसदीय भाषणांचा अभ्यास करणाऱ्याने वक्त्याचा आवेश आणि देशभक्तीची विशेषणे बाजूस ठेवून प्रत्येक क्रियापदास ‘कोणी?’ हा प्रश्न विचारावा. शाळेत कर्ता ओळखण्यासाठी हाच प्रश्न शिकवला जातो. संसदेत उत्तरदायित्व ओळखण्याचीही रीत याहून वेगळी नाही.