कावळ्याची बाजू

क्लिफर्ड स्टोल यांच्या 'द ककूज एग' या पुस्तकातल्या दोन प्रकरणांचं मराठी भाषांतर करून द्या, असं एका संपादकांनी सांगितलं आणि मी पुस्तकाच्या नावालाच अडले. 'कोकिळेचं अंडं' म्हणावं तर अर्थ बरोबर येतो, पण बाजू बदलते. आपल्याकडे कोकिळा म्हणजे आंब्याचा मोहोर, वसंत, गोड गळा. चांगल्या गायिकेला आपण गानकोकिळा म्हणतो. कावळा एरवी हाकलायचा आणि पितृपक्षात तेवढा बोलवायचा. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते, आणि त्या गोष्टीत हसू होतं ते कावळ्याचं. आपलं कोणतं, परक्याचं कोणतं, एवढंही त्याला कळत नाही म्हणून. हिंदी, गुजराती किंवा बंगाली वाचकाच्या कानालाही बहुधा हेच ऐकू येईल. स्टोल मात्र घरट्याच्या मालकाच्या बाजूने लिहितात.

ही अडचण एरवी तळटीप देऊन मी सोडवली असती. पण त्याच महिन्यात नागपुरात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या खात्यातून 1 लाख 80 हजार रुपये गेले, आणि संगणक-सुरक्षेवरची पुस्तकं मी वेगळ्या कारणासाठी वाचू लागले. या पुस्तकांत मावशी कुठे आहे, हे मला बघायचं होतं.

स्टोलपासूनच सुरुवात करते, कारण या प्रकारातलं ते अजूनही सर्वांत वाचनीय पुस्तक आहे. 1986 सालची गोष्ट. लेखक खगोलशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत अनुदान संपल्यामुळे संगणक विभागात बसवलेला. तिथे संगणक वापरल्याचा हिशेब ठेवत असत आणि त्यात 75 सेंटचा फरक आला. एवढ्या फरकाकडे आपल्या एखाद्या सहकारी पतपेढीतल्या जुन्या हिशेबनीसाने जसं बघितलं असतं, तसंच स्टोलनी बघितलं: रक्कम क्षुल्लक आहे, म्हणूनच ती कुठून आली ते कळलं पाहिजे. पुढे जवळजवळ वर्षभर ते माग काढत राहतात. येणाऱ्या टेलिफोन लाइनींना प्रिंटर जोडतात, पेजर कमरेला लावून झोपतात आणि अखेर माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरला पोचतो. तिथला तरुण लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत केजीबीला विकत असतो. पुस्तक 1989 साली आलं. त्यात चॉकलेट बिस्किटांची पाककृतीही आहे, आणि ती अस्थानी वाटत नाही. घरातल्या माणसांचं रोजचं जगणं या पुस्तकात सतत चालू असतं. चोराला गुंतवून ठेवण्यासाठी खोट्या सरकारी फायली रचायची कल्पनाही घरातच, न्हाणीघरात सुचते.

नावातलं अंडं कोणतं? प्रयोगशाळेतल्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी आपोआप चाले. घुसखोराने त्याच्या जागी स्वतःचा प्रोग्राम ठेवला आणि संगणकाने तो निष्ठेने उबवला. इथे मी पुन्हा थांबले. संगणकाची काही चूक नव्हती. ठरलेल्या जागी जे असेल ते चालवायचं, हे त्याचं काम त्याने केलं. कावळाही तेच करतो.

मावशीनेही तेच केलं होतं. निवृत्त शिक्षिका, वय 74. संध्याकाळी फोन आला की विजेचं बिल भरल्याची नोंद नाही, रात्री साडेनऊला वीज कापली जाईल. मग एक अ‍ॅप, मग एक सहा आकडी नंबर. मी नंतर विचारलं, 'मावशी, तुला शंका कशी आली नाही?' ती म्हणाली, 'अगं, त्या मुलाचा आवाज फार दमलेला होता. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन बसला असेल असं वाटलं. म्हणून पटापट सांगून टाकलं.'

या वाक्यावर केव्हिन मिटनिक खूश झाले असते. 'द आर्ट ऑफ डिसेप्शन' हे त्यांचं 2002 सालचं पुस्तक, विल्यम सायमन यांच्यासोबत लिहिलेलं, नेमकं याच दमलेल्या आवाजाबद्दल आहे. मिटनिक 1995 साली पकडले गेले, 2000 साली सुटले आणि मग सुरक्षा सल्लागार झाले. पुस्तकातल्या कथा काल्पनिक असल्याचं ते सांगतात, पण तपशील इतके नेमके आहेत की काल्पनिकतेचा पडदा पातळच राहतो. रचना ठरलेली: आधी फसवणुकीची गोष्ट, मग तिची चिरफाड, मग कंपनीने काय करावं याचा उपदेश. यात फसणारी माणसं बघा. नवी लागलेली कारकून, रात्रपाळीचा ऑपरेटर, अडलेल्या सहकाऱ्यासाठी नियम थोडा वाकवणारी कोणी. बहुतेकांचा दोष एकच, दुसऱ्याची अडचण त्यांना खरी वाटते. मिटनिकना हे पक्कं माहीत आहे. लोक मदतीला उत्सुक असतात, ही तर त्यांची मुख्य मांडणी. तरी कथेचं सुख सगळं फोन करणाऱ्याच्या वाट्याला येतं. हुशारी त्याची, विनोद त्याचा, शेवटचं वाक्य त्याचं. फोन ठेवल्यावर त्या कारकुनीचं काय झालं, तिला नोकरीवरून काढलं का, घरी तिने सांगितलं का, हे पुस्तक विचारत नाही. पुढच्या पानावर ती 'प्रशिक्षण न दिलेली कर्मचारी' होते.

माझा मिटनिकवर राग नाही. त्यांनी निदान माणसाला दरवाजा मानलं. त्याआधीच्या पुस्तकांत माणूस नव्हताच. ब्रूस श्नायर यांच्या 'अप्लाइड क्रिप्टोग्राफी'ने 1990च्या दशकात प्रोग्रामरांच्या एका पिढीला गुप्तलेखन शिकवलं. त्याच श्नायरनी 2000 साली 'सीक्रेट्स अँड लाइज' लिहून जवळजवळ माफी मागितली: गणित मजबूत असलं की काम झालं असं आपण समजत होतो, ते चुकीचं होतं. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकावर असं दुसरं पुस्तक लिहिणारे लेखक थोडे. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत चालणारं पुण्याच्या अतुल कहाते यांचं 'क्रिप्टोग्राफी अँड नेटवर्क सिक्युरिटी' माझ्या भाच्याच्या टेबलावर असतं. स्वच्छ, समंजस पाठ्यपुस्तक. 1978 साली आरएसए पद्धतीच्या जनकांनी आपल्या निबंधात आणलेले अ‍ॅलिस आणि बॉब या विषयाच्या पुस्तकांतून तेव्हापासून एकमेकांना चिठ्ठ्या पाठवताहेत. त्यांचा आवाज कधी दमत नाही.

मग आली युद्धाची पुस्तकं. किम झेटर यांचं 'काउंटडाउन टू झीरो डे' (2014) इराणमधल्या नतांझच्या सेंट्रिफ्यूज बिघडवणाऱ्या स्टक्सनेटचा माग काढतं. अँडी ग्रीनबर्ग यांचं 'सँडवर्म' (2019) युक्रेनवरच्या हल्ल्यांचा. दोन्ही पत्रकारिता म्हणून पहिल्या प्रतीची आहेत. 'सँडवर्म'मधलं मर्स्क या जहाज कंपनीचं प्रकरण तर कोणीही वाचावं. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या पसरला आणि कंपनीच्या जगभरच्या 76 पैकी 17 टर्मिनलांचं काम अडलं. सगळ्या जाळ्याची किल्ली असलेला एकच सर्व्हर वाचला होता, तो घानात, आणि तोही तिथली वीज गेलेली होती म्हणून. हे वाचून आपल्याकडचा कोणीही माणूस हसेल आणि मग गप्प होईल. पण अडलेल्या टर्मिनलांत आपल्या न्हावा-शेवा बंदरातलंही एक होतं. न्यू जर्सीच्या फाटकावर खोळंबलेल्या ट्रकांचं वर्णन ग्रीनबर्ग मन लावून करतात. मुंबई येते ती नावांच्या यादीत. उरणच्या रस्त्यावर त्या रात्री काय होतं, ट्रेलरचालक जेवले कुठे, नासणारा माल कोणाचा होता, हे लिहायला कोणी गेलं नाही. हा दोष ग्रीनबर्ग यांचा थोडा आणि आपला जास्त. ऑगस्ट 2018मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत नोटा काढल्या गेल्या. त्या घटनेवरचं मराठी पुस्तक माझ्या कपाटात नाही.

मला हवा होता तो माणूस सापडला एका हजार पानांच्या ग्रंथात, जिथे मी शोधलाच नसता. रॉस अँडरसन यांचं 'सिक्युरिटी इंजिनिअरिंग' 2001 साली निघालं, 2008 आणि 2020 साली वाढत गेलं. अँडरसन केंब्रिजचे प्राध्यापक. मार्च 2024मध्ये वारले. विषय भला मोठा आहे: अणुबॉम्बची कुलपं, विजेचे मीटर, रुग्णांच्या नोंदी, बँका. दुसऱ्या आवृत्तीपासून मानसशास्त्राचं प्रकरण क्रिप्टोग्राफीच्या आधी येतं, आणि मला ते अनुक्रमणिकेतलं नुसतं हलवाहलवीचं काम वाटत नाही. माणूस कसा चुकतो हे आधी समजून घ्या, कुलपं नंतर, असं तो क्रम सांगतो. गद्य खरखरीत आहे. कुठे पसरतं, कुठे एखाद्या जुन्या भांडणात अडकून बसतं. पण लेखक कोणावर चिडला आहे ते नेमकं कळतं.

अँडरसन आयुष्यभर सांगत राहिले ते एक प्रकरण इंग्लंडमधल्या एका पोलीस हवालदाराचं. 1992 साली तो सुटीवरून परतला तेव्हा खात्यातून सहा वेळा पैसे काढले गेले होते, एकूण 460 पौंड. ते आपण काढले नाहीत अशी तक्रार त्याने केली. वित्तसंस्थेचं म्हणणं, आमची यंत्रणा चुकूच शकत नाही, म्हणजे खोटं तुम्ही बोलता. त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला झाला आणि 1994 साली तो दोषी ठरला. अपिलाच्या वेळी बचावाचे तज्ज्ञ म्हणून अँडरसननी त्या संस्थेची संगणक यंत्रणा पाहू द्या म्हटलं. संस्थेने पाहू दिली नाही. 1996 साली हवालदार सुटला. अँडरसननी यातून काढलेला निष्कर्ष तांत्रिक नाही, हिशेबी आहे. नुकसान ज्याच्या माथी बसतं, काळजी तोच घेतो. अमेरिकेत वादग्रस्त व्यवहाराची भरपाई कायद्याने बँकांवर आली म्हणून तिथल्या बँकांनी एटीएमवर कॅमेरे बसवले. इंग्लंडमध्ये ती ग्राहकावर ढकलता येत होती म्हणून बँका निश्चिंत राहिल्या.

हे वाचून मी रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017चं परिपत्रक काढून वाचलं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडेच कुठे आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काही जबाबदारी नाही. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवर. वाचून बरं वाटतं. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, गुप्त तपशील दिल्यामुळे पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. मावशीच्या बँकेचं पत्र या शेवटच्या वाक्यावर उभं होतं: 'ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला.'

भाषांतराचं काम करणाऱ्या बाईला या वाक्यातला 'ने' टोचतो. मराठीत कर्ता ठरवायचं बरंचसं काम हा एवढासा प्रत्यय करतो. 'तिने नंबर दिला' आणि 'तिच्याकडून नंबर काढून घेतला' या दोन्ही वाक्यांत घडलं एकच; पहिल्यात फोनवरचा माणूस पुसला गेला. दुसरा शब्द 'बळी'. इंग्रजीत 'व्हिक्टिम' म्हटलं की कोणीतरी अन्याय केला हे गृहीत असतं. मराठीत माणूस बळी 'पडतो', जसा घसरून पडावा. मिटनिकच्या पुस्तकाचं भाषांतर कोणी केलं तर हे 'पडणं' वाक्यावाक्यात येईल आणि कोणाला खटकणार नाही. मी 'फसगत झाली' वापरून पाहिलं, मग 'फसवलं गेलं'. दुसरं कानाला बोजड लागतं, पण फसवणारा निदान वाक्यात शिल्लक राहतो. भाषांतरात मी तो बोजडपणा ठेवला आहे. संपादक काय करतात बघू.

स्टोलवरही माझा एक आक्षेप राहतोच. त्यांचा कावळा शास्त्रज्ञ आहे. त्याच्याकडे प्रिंटर आहेत, वेळ आहे, शेवटी सीआयएसुद्धा त्याचा फोन घेते. 75 सेंटसाठी वर्ष घालवण्याची ऐपत हीही एक ऐपतच. पण अपमान काय असतो ते त्यांना कळतं. आपल्या घरट्यात कोणीतरी हात घालून गेलं याची चीड आणि थोडी लाज, दोन्ही त्यांच्या पानांवर आहेत. म्हणून मिटनिकपेक्षा ते पुस्तक मला मोठं वाटतं. पुस्तकाच्या नावाची जागा माझ्या हस्तलिखितात अजून रिकामी आहे.

दिवाळीनंतर मी नागपूरला गेले. मावशी पैशांचा विषय कोणाशीच काढत नव्हती. माझ्या आईशी, सख्ख्या बहिणीशीही नाही. मी पुस्तक सोबत नेलं होतं. दुपारी तिला हवालदाराची हकिगत मराठीत सांगत गेले, पान समोर धरून, जमेल तशी. ती डोळे मिटून ऐकत होती. झोपली असं मला वाटलं. तो दोषी ठरला तिथे तिने हात वर करून थांबवलं.

'पोलीस होता ना तो?'

मी हो म्हटलं.

'मग ते परत वाच,' ती म्हणाली.